जन्म की कर्म?

फिलिप्पै नगरात दासीच्या धन्यांची मिळकत बुडाली. परंतु ते कारण झाकून, पौल व सीला हे यहूदी असून नगरात गोंधळ माजवितात, अशी फिर्याद त्यांनी अधिकाऱ्यांपुढे केली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16).

इंग्रज सरकारच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पुढे पारध्यांसह अनेक जमाती जन्मतःच चोर ठरल्या. 1952 साली तो कायदा रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या मनांत राहिला.

म्हणून आपल्या जालना जिल्ह्यात निवडणुकीच्या सभेत कोणी चोऱ्यांविषयी बोलू लागल्यास आपण पारखावे: तो कृत्य सांगतो की जात? कृत्य सांगणारा न्याय मागतो; जात सांगणारा द्वेष पेरून मते कापतो. चोरास शिक्षा व्हावीच, पण त्याच्या पोरांस नव्हे. ज्याचे पाप त्याच्याच माथी, हीच यहेज्केल संदेष्ट्याची शिकवण होय. पारध्यांच्या पालाकडे बोट दाखविणाऱ्यांत आपले बोट नसो. आमेन.