खुन्याचे गाणे ऐकावे काय?

१९९५ साली अमेरिकेतील नेक्रोपोलिस रेकॉर्ड्स या कंपनीने 'नॉर्डिक मेटल' नावाची एक तबकडी काढली. मेहेम, एम्परर, डिसेक्शन, मार्डुक अशा नॉर्वे व स्वीडनमधील तरुण वाद्यवृंदांची गाणी तीत एकत्र केली आहेत. ती युरोनिमस या टोपणनावाच्या गिटारवादकाला श्रद्धांजली म्हणून निघाली. त्याचे खरे नाव ऑइस्टाइन ऑर्सेथ. १० ऑगस्ट १९९३ रोजी ऑस्लो शहरात तो राहत असलेल्या इमारतीत त्याला भोसकून ठार मारण्यात आले. मारणारा वार्ग विकर्नेस हा त्याच कंपूतला. त्याच्याच मेहेम वृंदाच्या एका तबकडीसाठी बास वाजवलेला.

मंडळीच्या मासिकात हा विषय कशाला, असे वाचक विचारतील. कारण असे की या संगीताचा इतिहास आपल्या मंदिरांच्या राखेतून जातो. 'ब्लॅक मेटल' हे नाव व्हेनम या इंग्रज वृंदाच्या १९८२ सालच्या तबकडीवरून पडले. त्यांचा सैतान रंगमंचावरचा होता. खेळ संपला की पोशाख उतरे. नॉर्वेतील काही पोरांनी मात्र नाटक खरे मानले. ६ जून १९९२ रोजी बर्गेनजवळचे फांटॉफ्ट येथील लाकडी चर्च जळून गेले. ते बाराव्या शतकातले. पाडले जाऊ नये म्हणून १८८३ साली एका सद्गृहस्थाने ते फॉर्तून गावाहून उचलून तेथे आणून उभे केले होते. पुढच्या काही वर्षांत तेथे कित्येक मंदिरांना आगी लावण्यात आल्या. १९९४ साली विकर्नेसला खुनाबद्दल व तीन मंदिरे जाळल्याबद्दल एकवीस वर्षांची शिक्षा झाली. फांटॉफ्टच्या आगीबद्दल त्याला दोषी धरले गेले नाही. परंतु १९९३ साली त्याने 'आस्के', म्हणजे राख, या नावाची तबकडी काढली, तिच्या वेष्टनावर त्याच जळक्या चर्चचे छायाचित्र होते. पहिल्या काही प्रतींबरोबर एक लायटर भेट दिला होता. लायटर!

एम्पररचीही कथा अशीच. त्याच्या त्या वेळच्या ड्रमवादकाने १९९२ साली लिलेहामर गावी एका अनोळखी माणसाचा खून केला, तर गिटारवादकाला मंदिर जाळण्याबद्दल शिक्षा झाली. म्हणजे ज्या तबकडीत एका खून झालेल्या माणसाची आठवण काढली आहे, तीतच दुसऱ्या खुन्याच्या वृंदाचे गाणे आहे. लिलेहामरच्या त्या माणसाला मात्र तीत जागा नाही.

आमच्या उधन्याच्या मंडळीतला एक तरुण एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात डिझाइनचे काम करतो व रात्रपाळीत मोबाइलवर हे ऐकतो. आवाजाबद्दल आमची काही तक्रार नाही. ज्याने लूमच्या खात्यात बारा-बारा तास काढले आहेत त्याला गोंगाटाची भीती कोणी घालू नये. आणि पूर्वी तबला-ढोलकी देवाच्या घरात नको म्हणणारेही होतेच की. पण तो म्हणाला, "काका, दावीदाने उरीयाला मारविले, तरी त्याची स्तोत्रे आपण गातोच ना?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पवित्र शास्त्रातले ५१ वे स्तोत्र काढून पाहा. त्याच्या मथळ्यातच नाथान संदेष्टा व बथशेबा यांचा उल्लेख आहे. आधी गुन्हा वाचायचा, मग गाणे म्हणायचे. दावीद गुन्हा मिरवत नाही. 'आस्के' तो मिरवते. हा भेद मोठा आहे, पण तेवढ्याने आमचे समाधान होत नाही. कारण त्या स्तोत्रात उरीयाचे नाव कोठेच नाही. पश्चात्ताप आहे, अश्रू आहेत, मेलेला शिपाई नाही. त्याचे नाव पुढे मत्तयाने आपल्या पहिल्याच अध्यायात, प्रभूच्या वंशावळीत घातले. शलमोनाची आई सांगताना तो बथशेबा म्हणत नाही, उरीयाची बायको म्हणतो. इतक्या शतकांनंतरही हिशेबात तो माणूस धरलाच पाहिजे, असे त्या जुन्या जकातदाराला वाटले असावे.

मेहेमची ती तबकडी ऑर्सेथच्या खुनानंतर, १९९४ साली बाहेर आली. तीत गिटार मारलेल्याची आणि बास मारणाऱ्याचा आहे. मुलाच्या आईवडिलांनी विनंती केली होती की तेवढा बास काढून टाकावा. हेलहामर या ड्रमवादकाने तो पुन्हा वाजवून घेतो असे कळविले, पण तसे केले नाही. खुनी आणि बळी एकाच तबकडीवर असणे उचित आहे, असे त्याने पुढे सांगितले. संगीताच्या दृष्टीने त्याचे बरोबरही असेल. पण ज्यांचा मुलगा गेला त्यांची एवढी एकच मागणी होती. आमचे म्हणणे येथे आहे. खुन्याच्या हातचे सूर कानांवर पडल्याने कान विटाळत नाहीत; ज्याचे गेले त्याला गाण्यातून वगळले, की त्या वगळण्यात ऐकणाराही सामील होतो.

असल्या तबकड्या आणून जाळाव्यात, असे सांगणारे उपदेशकही आहेत. ते इफिसचा दाखला देतात. पण प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ नीट वाचावा: इफिसकरांनी जाळली ती स्वतःची पुस्तके. पन्नास हजार रुपये किमतीची, पण स्वतःची. शेजाऱ्याच्या घरात काडी घेऊन कोणी शिरले नव्हते.

आणि जळालेले मंदिर पाहायला आपल्याला नॉर्वेला जावे लागत नाही. आहवा येथून काही तासांच्या वाटेवर आहे. १९९८ च्या नाताळच्या दिवसापासून पुढच्या आठवड्याभरात डांग जिल्ह्यातील पंचवीसच्या आसपास गावांत प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले. कित्येक जाळली गेली. १० जानेवारी १९९९ रोजी पंतप्रधान वाजपेयी तेथे येऊन गेले. ती मंदिरे काही आठशे वर्षांची नव्हती. साधीच होती, गावकऱ्यांनी आपल्या हातांनी उभारलेली. फांटॉफ्टचे चर्च १९९७ साली पुन्हा जसेच्या तसे उभे राहिले व लोक ते पाहायला जातात.

तबकड्या टाकून दे, असे आम्ही त्या तरुणाला सांगितले नाही. कोणत्या वृंदामागे कोण मेले, कोणाचे मंदिर गेले, हे मात्र त्याच्याकडून एका वहीत लिहून घेतले. दोन पाने झाली. 'आस्के'चे चित्र त्याने खोलीच्या भिंतीवर लावले होते, तेवढे काढायला सांगितले. त्याच्या आईचे माहेर डांगातले आहे, आणि मामा-मामी नाताळला त्याच खोलीत उतरतात.