आधी जेवणाची सोय

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते परीक्षा घेण्यासाठी. शिकवण्याचं काम कॉलेजांचं. शेतकऱ्याचा मुलगा आपल्याकडे का येत नाही, हा प्रश्न अशा विद्यापीठाला पडायचं कारणच नव्हतं.

तो पडला विद्यापीठाबाहेरच्यांना. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. खेड्यातल्या बापाला शिक्षण नको होतं असं नव्हे. पोरगं परगावी राहील कुठे, खाईल काय, त्याला शेजारी कोण बसवून घेईल, ही धास्ती होती. भाऊराव पाटलांनी ती नेमकी ओळखली. साताऱ्यात १९२४ साली काढलेल्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. बोर्डिंग चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९४७ मध्ये भाऊरावांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेव्हा तिथली 'कमवा आणि शिका' योजना म्हणजे काय, हे साताऱ्याकडच्या माणसांना समजावून सांगावं लागलं नसणार. बोर्डिंगात काम करून शिकून गेलेली मुलं त्यांनी पाहिली होती.

मराठवाड्यातही सुरुवात विद्यापीठाआधी, बाहेरच्यांनीच केली. औरंगाबादेत बाबासाहेब आंबेडकरांचं कॉलेज १९५० मध्ये सुरू झालं, विद्यापीठ आलं १९५८ मध्ये.

मग १९८३ आलं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याने जागा वाढल्या, आणि अनेक घरांत पहिला इंजिनिअर झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जागा भरणं हेच काम होऊन बसलं, तेव्हा विद्यार्थ्याची धास्ती ओळखण्याऐवजी त्याला भुरळ घालणं सोपं वाटू लागलं. जून उजाडला की पानभर जाहिराती, हिरवळ, आणि 'सर्वाधिक पॅकेज'. ते पॅकेज एकाच मुलाचं असतं. बाकीच्यांना काय मिळालं, हे कुठे छापलेलं दिसत नाही.

घरात विचारले जाणारे प्रश्न वेगळेच असतात. दुसऱ्या वर्षी फी वाढेल का? शिष्यवृत्तीचा हप्ता रखडला तर परीक्षेला बसू देतील ना? प्रवेश रद्द केला तर पैसे परत मिळतील? मूळ दाखले अडकवून ठेवू नका, शुल्क परत करा, असं विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ मध्ये बजावून सांगावं लागलं. अविश्वासाचा याहून अधिकृत पुरावा कुठला हवा!

माझ्या मते कॉलेजांनी प्रवेशासाठी समुपदेशकांची फौज नेमण्यापेक्षा आपल्याच तालुक्यातल्या, दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीशी पालकांना बोलू द्यावं, आणि त्या वेळी प्राध्यापकांनी खोलीबाहेर थांबावं. ती मेसबद्दल तक्रार करेल, शिक्षकांबद्दलही बोलेल. करू दे. माहितीपुस्तिकेत चारही वर्षांची फी एका तक्त्यात छापावी. त्याखाली, गेल्या वर्षी किती मुलांनी शिक्षण मध्येच सोडलं आणि कशामुळे, तेही.