केंद्रकाची तूट

शाळेत आपण दोन गोष्टी शिकतो आणि त्या शेजारी ठेवून क्वचितच पाहतो. सारखे विद्युतभार एकमेकांना दूर ढकलतात. आणि अणूच्या केंद्रकात सगळे धनभारित प्रोटॉन दाटीने एकत्र राहतात. मीटरचे शंभर कोटी भाग करावेत, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख, एवढ्या अंतरावर दोन प्रोटॉन एकमेकांना सुमारे २३० न्यूटन बलाने रेटतात. तेवीस किलोचे पोते उचलायला लागेल तेवढा हा जोर, तोही दोन अदृश्य कणांमध्ये! सोन्याच्या केंद्रकात असे ७९ प्रोटॉन आहेत. तरी आजीची पाटली पिढ्यान्‌पिढ्या डब्यात तशीच राहते.

रदरफर्डने १९११ मध्ये केंद्रक ओळखले, चॅडविकने १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला आणि १९३५ मध्ये युकावाने केंद्रकातल्या आकर्षणाचा सिद्धान्त मांडला. हे आकर्षण विजेच्या रेट्याहून फार बलवान, पण त्याचा हात आखूड. प्रोटॉन असो वा न्यूट्रॉन, प्रत्येक कण फक्त लगतच्या शेजाऱ्यांना धरतो. विजेचा रेटा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो. म्हणून केंद्रक मोठे होत जाते तसे न्यूट्रॉन जास्त लागतात. ते आकर्षणात भर घालतात, रेट्यात नाही. सोन्यात ते ११८ आहेत. शिशापुढे तेही पुरत नाहीत. तिथून पुढचे एकही मूलद्रव्य कायमचे टिकाऊ नाही.

पण धरून ठेवणे म्हणजे नेमके काय? दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे असताना त्यांचे एकूण वस्तुमान काढावे, मग त्यांच्यापासून बनलेल्या हेलियमच्या केंद्रकाचे. ते सुमारे पाऊण टक्क्याने कमी भरते. कण तेवढेच, वस्तुमान कमी. एकत्र येताना तेवढी ऊर्जा बाहेर पडलेली असते. सूर्याच्या गाभ्यात हेच चालू आहे, आणि त्यापायी सूर्य दर सेकंदाला ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान गमावतो. अंगणातले ऊन ते हेच.

या तुटीला ‘बंधनऊर्जा’ म्हणतात. हा शब्द मला फसवा वाटतो. ऐकणाऱ्याला वाटते, केंद्रकात साठवलेली ही ऊर्जा कणांना आवळून धरते आहे. वास्तविक ती केंद्रकातून केव्हाच निघून गेली आहे. गहाण पडलेला दागिना सोडवायचा तर उचललेली रक्कम भरावी लागते. तसेच कणांना सुटे व्हायचे तर गेलेली ऊर्जा बाहेरून आणून भरावी लागते. ती मिळत नाही म्हणून ते एकत्र आहेत. आकर्षण त्यांना जवळ आणते. जवळ ठेवते ती ही तूट.

न्यूट्रॉनचे उदाहरण मला यात सर्वांत विलक्षण वाटते. एकटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत मोडतो आणि त्याचा प्रोटॉन होतो. तोच हेलियमच्या केंद्रकात असला की अब्जावधी वर्षे जसाच्या तसा राहतो. त्याच्यात काहीही बदललेले नसते. फक्त तिथे त्याचा प्रोटॉन व्हायचा तर नवे केंद्रक आधीच्यापेक्षा जड होईल, आणि तेवढी ऊर्जा त्या चौघांकडे उरलेलीच नाही.