चेहऱ्याची मजुरी

आमच्या लहानपणी रविवारचा सिनेमा शेजारच्या काकूंकडे पाहायचा असे. मिलच्या कॉलनीत त्या ओळीतला टीव्ही त्यांचाच. पुरुषमंडळी खाटेवर, बाया सतरंजीवर, आणि आम्ही पोरं पार टीव्हीच्या पायाशी. दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजून गेलेला असे आणि वाऱ्याची दिशा असेल तसा मिलचा उग्र वास आत येई. बल्लारपूरच्या माणसाला तो वास वेगळा कळतही नाही. अशाच एका रविवारी 'आवारा' लागला. राज कपूरची आई पडद्यावर आली. पांढरी साडी, खोल गेलेले डोळे, सोसून सोसून थकलेला चेहरा. मला ती सगळ्या हिंदी सिनेमांतली आईच वाटली, कुठल्याही सिनेमात शोभेल अशी. तेवढ्यात माझी आई एकदम पुढे सरकून म्हणाली, "अवं, हे तर लक्सवाली आहे ना वं! काय सुंदर दिसे हे."

कोणालाच ते खरं वाटलं नाही. ही म्हातारी आणि लक्सची जाहिरात? आई मात्र ठाम होती. तिच्या माहेरी, तेव्हाच्या चांद्यात, कुठल्याशा मासिकात तिनं ती जाहिरात पाहिली होती. साबणाच्या वडीशेजारी एका बाईचा फोटो. साबण घरात येणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं फोटो कापून ठेवला होता.

आईचं बरोबर होतं. ती बाई लीला चिटणीस. लक्सच्या जाहिरातींत तोवर हॉलिवूडच्या नट्यांचे चेहरे असत. १९४१ साली लक्ससाठी उभी राहिलेली पहिली भारतीय नटी लीलाबाई. आज साबण, तेल, सोनं, सिमेंट, कशाचीही जाहिरात नटनट्यांशिवाय होत नाही, आणि आपल्याकडच्या या सगळ्या रहाटगाडग्याच्या उगमाशी धारवाडला जन्मलेली एक मराठी बाई आहे. तरी आम्हा सतरंजीवरच्या पोरांना ती फक्त कोणाची तरी आई म्हणून माहीत. हे कसं झालं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

लीलाबाईंचा जन्म १९०९ चा. वडील इंग्रजीचे प्राध्यापक. लग्न फार लवकर झालं, वयानं बऱ्याच मोठ्या असलेल्या डॉक्टरांशी. घरात स्वातंत्र्यलढ्याचं वारं होतं. मानवेंद्रनाथ रॉय भूमिगत असताना या दांपत्यानं त्यांना आसरा दिला होता, पकडले जाण्याची जोखीम पत्करून. चार मुलगे झाले आणि संसार मोडला. मग लीलाबाईंनी शाळेत शिकवलं आणि नाटकात कामं केली. 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेचा तो काळ होता. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'नं मराठी रंगभूमीवर नव्या तऱ्हेचं नाटक आणलं होतं, आणि शिकलेल्या घरच्या स्त्रियांनी स्त्रीभूमिका कराव्यात हा त्या मंडळींचा आग्रह होता. त्या वाटेनं लीलाबाई रंगमंचावर आल्या आणि तिथून सिनेमात. मास्टर विनायकांच्या 'छाया'त त्या होत्या. तो १९३६ चा, कथा वि. स. खांडेकरांची.

पुढच्याच वर्षी 'जंटलमन डाकू' आला. त्यात त्यांनी पुरुषी वेशातल्या डाकूचं काम केलं. सिनेमाची जाहिरात टाइम्स ऑफ इंडियात आली, ती मात्र डाकूच्या नावानं केलेली नव्हती. महाराष्ट्रातली पहिली पदवीधर प्रतिष्ठित स्त्री पडद्यावर येत आहे, असा तिचा आशय होता.

इथं मला थांबावंसं वाटतं, कारण लक्सच्या चार वर्षं आधीची ही जाहिरात, आणि तीत विकायला ठेवली आहे ती बी.ए.ची पदवी. सिनेमात काम करणारी बाई म्हणजे कोण, याबद्दल तेव्हाच्या समाजाचं मत ठरलेलं होतं. नटीच्या कामाला पैसे द्यायला लोक तयार होते, तिला घरात यायला जागा द्यायला नव्हते. मग त्या चेहऱ्याला एक प्रमाणपत्र चिकटवलं गेलं : घाबरू नका, ही शिकलेली आहे, चांगल्या घरची आहे. चार मुलांच्या जेवणाची सोय करायला ही बाई घराबाहेर पडली आहे, ही साधी गोष्ट कोणी छापली नाही. त्यावर तिकिटं खपली नसती. पण लीलाबाईंच्या सगळ्या कारकिर्दीचा खरा खांब तोच होता, असं मला वाटतं.

दुर्गा खोटे थोड्या आधीच्या. बड्या घरची लेक, तरुण वयात वैधव्य आलेलं, पदरी दोन मुलगे. त्यांच्या बाबतीतही वर्तमानपत्रांनी घराणं पाहिलं, मुलं पाहिली नाहीत. आपल्याकडच्या सुरुवातीच्या नट्यांची आत्मचरित्रं एकापाठोपाठ एक वाचावीत. कलेची ओढ त्यांत आहेच, पण पानापानावर हिशेब आहे. घरभाडं, फी, थकलेला पगार. लीलाबाईंचं 'चंदेरी दुनियेत' १९८१ चं, दुर्गाबाईंचं 'मी, दुर्गा खोटे' १९८२ चं. दोघींनीही बोलायला सत्तरी गाठेपर्यंत वाट पाहिली.

१९३९ साली बॉम्बे टॉकीजच्या 'कंगन'नं लीलाबाईंना शिखरावर नेलं. देविका राणींनंतर त्या कंपनीची नायिका कोण, या प्रश्नाला उत्तर मिळालं. 'बंधन', 'झूला'... समोर अशोककुमार. डोळ्यांनी कसं बोलावं हे आपण लीलाबाईंकडून शिकलो, असं अशोककुमार पुढे सांगत. १९४१ ला 'झूला' आणि त्याच साली लक्स. १९४२ ला त्यांनी स्वतः सिनेमाची निर्मिती केली, १९५५ ला 'आज की बात' दिग्दर्शित केला. म्हणजे ही बाई नुसती कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी नव्हती. तरी बाजारानं तिची किंमत एकाच तागडीत तोलली.

आता काही वर्षं शेजारी शेजारी मांडून पाहू. अशोककुमारांचा जन्म १९११ चा. ते लीलाबाईंपेक्षा दोन वर्षांनी लहान. १९४८ साली 'शहीद'मध्ये लीलाबाई दिलीपकुमारच्या आई झाल्या. त्या ३८-३९ च्या, दिलीपकुमार २५-२६ चे. दुसऱ्या वर्षी, १९४९ ला, अशोककुमार 'महल'चे नायक होते आणि त्यांची नायिका मधुबाला होती. मधुबालाचं वय तेव्हा १६. 'झूला' आला तेव्हा ती आठ वर्षांची होती. १९५८ च्या 'हावडा ब्रिज'मध्ये पुन्हा तीच जोडी, आणि तोवर लीलाबाई 'आवारा'तल्या आईला सात वर्षं मागे टाकून आल्या होत्या. पुढे 'काला बाजार', 'गंगा जमना', 'गाइड'. मुलगे बदलत गेले, आई तीच.

हे आकडे मी वहीत मांडले त्या दिवशी मला खूप राग आला. एकाच सेटवर, एकाच दिव्याखाली, जवळपास एकाच वयाच्या दोन माणसांनी प्रेमप्रसंग रंगवले. दहा वर्षांत त्यातला एक लेकीच्या वयाची नायिका घेऊन उभा राहू शकला आणि दुसरीला पांढरी साडी नेसवून कोपऱ्यात बसवलं. कोणी म्हणेल, प्रेक्षकांनाच तसं हवं होतं. असेलही. पण मग प्रेक्षकांना पदवीधर नटी नको असतानाही ती जाहिरातीनं त्यांच्या गळी उतरवली होतीच की.

रागाबरोबर मला हेही म्हणायचं आहे की त्या आईच्या भूमिकांत लीलाबाईंनी जे केलं ते मोठं आहे. हिंदी सिनेमातली पिचलेली पण मुलासाठी ताठ उभी राहणारी आई ही त्यांनी घडवलेली वस्तू आहे. पुढच्या सगळ्या आया तिथून निघाल्या. आणि ते काम करताना त्यांना काही आणायला लांब जावं लागलं नसेल. चार मुलं एकटीनं वाढवणाऱ्या बाईला तो चेहरा घरचाच होता.

जगात दुसरीकडे काय चाललं होतं? अमेरिकेत बेटी फर्नेस नावाची बाई होती, जन्म १९१६ चा. पोरवयात मॉडेलिंग, मग आर.के.ओ. कंपनीच्या सिनेमांत कामं, आणि तिथली वाट आटल्यावर १९४९ पासून टीव्हीवर वेस्टिंगहाउसच्या फ्रिजची आणि शेगडीची जाहिरात. तेव्हा जाहिराती थेट प्रक्षेपित होत. १९५२ ला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार निवडणारी पक्षांची अधिवेशनं टीव्हीवर दाखवली गेली, तेव्हा भाषणांच्या मध्ये मध्ये ही फ्रिजचं दार उघडून उभी. सगळा देश तिला ओळखू लागला. पुढे १९६७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तिला ग्राहकांच्या प्रश्नांसाठी आपली विशेष सहायक नेमलं. नेमणुकीवर टीका झाली, पण तिनं ते काम मन लावून केलं आणि नंतर वर्षानुवर्षं टीव्हीवर ग्राहकांची बाजू मांडणारी वार्ताहर म्हणून काम केलं. वस्तू विकणारा चेहरा उद्या घेणाऱ्याच्या बाजूनंही बोलू शकतो, एवढी वाट तिला मिळाली.

आपल्याकडे तशी वाट दुर्गाबाईंनी स्वतः खोदली. जाहिरातपट आणि माहितीपट काढणारी कंपनी त्यांनी उभी केली आणि १९८८ साली दूरदर्शनवर घराघरांत पाहिली गेलेली 'वागले की दुनिया' याच दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. 'मुगल-ए-आझम'मध्ये त्याही दिलीपकुमारच्या आईच. पण कॅमेऱ्याच्या मागची खुर्ची त्यांची स्वतःची होती, आणि त्यानं सगळाच फरक पडला. लीलाबाईंच्या हाती निर्मिती आणि दिग्दर्शन टिकलं नाही. उतारवयात त्या मुलांकडे अमेरिकेत गेल्या आणि २००३ च्या जुलैत कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या एका शुश्रूषागृहात ९३ व्या वर्षी वारल्या.

माल एकाचा आणि भाव ठरवणारा दुसरा, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यांना कोणी शिकवायला नको. बल्लारपूरची पेपर मिल १९४५ ची, म्हणजे आईनं कापलेला तो लक्सचा कागद आमच्या मिलचा नसणार. पण त्यानंतर देशात किती मासिकं, किती जाहिराती, किती नट्यांचे हसरे चेहरे आमच्या कागदावर छापले गेले असतील! तो कागद बांबूचा. बांबू गडचिरोलीच्या जंगलातला. १९८२ पर्यंत गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता, सगळा एकच चंद्रपूर. बांबू ज्यांच्या गावच्या रानात उगवला, त्यांनी तो कोणाला, किती भावाला विकायचा हे ठरवायचा हक्क त्यांना नव्हता, त्यांच्याकडे फक्त तोडणीची मजुरी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना गावाच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्या गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेची ती लढाई मी वर्तमानपत्रात वाचत होते आणि मला लीलाबाई आठवत होत्या. चेहरा तिचा. तो किती वर्षं नायिकेचा आणि केव्हापासून आईचा, याचा परवाना कायम दुसऱ्याच्या खिशात.

हे सगळं जुनं झालं असं मला वाटत होतं. पण आमच्याकडे झाडीपट्टी रंगभूमी आहे. दिवाळी झाली, धान घरात आलं की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. वडशाच्या नाटक कंपन्या रोज एका गावात. मंडई असो की शंकरपट, रात्री नाटक हवंच. दहा वाजता सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. पूर्वी दंडारीत पुरुषच बायकांची कामं करत. आता नट्या आहेत, आणि त्या या रंगभूमीचा कणा आहेत. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली. पण झाडीपट्टीतल्या बाईचं नाव जिल्ह्याबाहेर किती जणांना सांगता येईल?

मागच्या हिवाळ्यात मूलच्या पुढच्या एका गावी मी नाटकाला गेले होते. नायकाच्या आईचं काम करणारी बाई फारच चांगली होती. तिसऱ्या अंकात मुलगा घर सोडून जातो तेव्हा ती रडली नाही, नुसती दाराची चौकट धरून उभी राहिली. हजारभर माणूस चिडीचूप. सकाळी सहाला, शेकोटीशी ती मेकअप पुसत बसली होती तेव्हा मी जवळ गेले. पस्तिशीची असेल. नायक पन्नाशीचा होता. दोन हंगामांपूर्वीपर्यंत ती त्याच नायकाची नायिका होती, हे तिनंच सांगितलं.

मी विचारलं, "मग आईचं काम घेतलंस कशाला?"

"मॅडम, माय कराले नाय म्हनलं तं पुढच्या सीझनले बोलावतील का?" तिनं तेलाचा बोळा गालावरून फिरवला. "पोरगा अकरावीत आहे. त्याची फी कोन भरन?"

गाडीचा हॉर्न वाजला. संध्याकाळपर्यंत पुढचं गाव गाठायचं होतं. ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि मला म्हणाली, "तुम्ही दरवाजाच्या सीनले पुढं बसल्या होत्या ना? मी पाहिलं तुमाले."

मंडपाच्या खांबावरचं एक पोस्टर मी काढून घरी आणलं. मधोमध मुंबईहून दोन रात्रींसाठी आणलेल्या पाहुण्या नटीचा रंगीत फोटो, खाली ठसठशीत अक्षरांत तिच्या मालिकेचं नाव आणि पुढे 'फेम'. आईची जुनी ट्रंक अजून माझ्याकडे आहे. ते पोस्टर त्यात ठेवण्याआधी मी दिव्याखाली पसरलं आणि त्या आईचं नाव शोधू लागले. अगदी तळाला, छापखान्याच्या नावाच्या वर ते होतं. वाचायला चष्मा लावावा लागला.