रिकामा कोपरा

दिवाळी तोंडावर आली, की घर आवरण्याचा उत्साह माझ्यासारख्या मास्तरालाही चढतो. गेल्या वर्षी मी स्वयंपाकघराच्या दाराशेजारची जुनी लाकडी पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली. धान्य आता डब्यांत असते. पेटीत होती ती नुसती रद्दी. कोपरा मोकळा झाला, घर ऐसपैस दिसू लागले. मी स्वतःवरच खूश होतो.

त्या रात्री पाणी प्यायला उठलो, तो आई दाराजवळ उभी. तिची नजर अधू झालेली. हात उघड्या भिंतीवर चाचपडत होता.

"पेटी कुठं रे गेली? तिच्यावरनं मला दार कळायचं."

स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अधिक लागले. माझी अडगळ ही तिची वाट होती!

मग जुने काही टाकूच नये काय? तसे नव्हे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी सुमारे १९२० पासून दिवे, अडकित्ते, भांडी जमवली आणि दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारले. तेथे त्या वस्तू शोभतात. घराचे संग्रहालय करून मात्र भागत नाही. घरात माणसांना वावरायचे असते. टाकावे लागतेच. प्रश्न एवढाच, की कोणाला विचारून? अंधारातही हात जिथे चुकत नाही, ते घर. आणि घरात हात काही एकट्या माझेच नसतात.

यंदा त्या कोपऱ्यात एक स्टूल ठेवले आहे. माळ्यावरचे काही काढण्यापूर्वी आईला विचारतो. पुष्कळदा तीच म्हणते, "टाक की, कशाला ठेवतोस?"