ढोलीतल्या जिवाचा हक्क

आमच्या लहानपणी पावसाळ्यापूर्वी वसईच्या घराघरांत जळाऊ लाकडे भरून ठेवीत. पारोळकडच्या रानातून लाकडांची गाडी येई आणि परसात ओंडक्यांची रास लागे. अशाच एका मे महिन्यात एका पोकळ ओंडक्यातून तळहाताएवढा केसाळ कोळी बाहेर आला. मी काठीने डिवचताच त्याने पुढचे पाय उंच उभारले. पायांच्या खालच्या अंगाला पिवळेधमक पट्टे होते. मी कुऱ्हाडीच्या दांड्याने तो ठेचला. आईने पाठ थोपटली. त्या शनिवारी पापनिवेदनात मी शेजारच्या वाडीतले पेरू चोरल्याचे सांगितले. कोळ्याचे सांगावे, असे मनातही आले नाही.

ते सांगायला हवे होते का, हा प्रश्न आता म्हातारपणी मला पडू लागला आहे.

कोळी म्हटले की वसईकराला आधी पाचूबंदर आठवते, जाळी विणणारे हात आठवतात. हा कोळी मात्र शिकारीसाठी जाळे विणीत नाही. टॅरँटुला म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या कुळातला हा जीव जुन्या झाडांच्या ढोलीत किंवा सुटलेल्या सालीखाली राहतो आणि रात्री दाराशी येऊन किडे पकडतो. मादी दहा वर्षांहून अधिक जगू शकते. पिल्ले काही काळ आईजवळ त्याच ढोलीत वाढतात. त्याच्या दंशाने वेदना होतात, स्नायूंत पेटके येतात. पण माणूस दगावल्याची नोंद नाही. १८९९ मध्ये पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याला 'पोइसिलोथेरिया रेगॅलिस' असे नाव दिले. लॅटिन मिस्सा ऐकलेल्या वडीलधाऱ्यांना त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ सांगायला नको. राजेशाही!

त्याच वर्षी पोकॉकने त्याच्या एका निळ्या भाऊबंदाचेही वर्णन केले. तो आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडला होता. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. अखेर २००१ मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात तो पुन्हा दिसला. आज तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या प्राण्यांत गणला जातो. वखारीत तोही बहुधा आमच्या कोळ्यासारखाच, तोडलेल्या घरात बसून आला असावा. त्याला निदान नाव मिळाले. आमचा केरात गेला.

या जिवांवर प्रेम करणारेही आहेत, हे मला फार उशिरा कळले. परदेशांत हौशी लोक त्यांना काचेच्या पेटीत पाळतात, त्यासाठी पैसे मोजतात. या व्यापारावर अंकुश यावा म्हणून २०१९ मध्ये ही सारी प्रजाती वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातली गेली. म्हणजे भेसूर म्हणून ठेचणारा मी आणि सुंदर म्हणून उचलून नेणारे ते. ढोली रिकामी व्हायची ती होतेच.

पण झाडच गेले तर व्यापाऱ्याचीही गरज उरत नाही. २००३ पासून तुंगारेश्वर अभयारण्य आहे, सुमारे पंच्याऐंशी चौरस किलोमीटरचे. त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवे. अभयारण्याबाहेरच्या जुन्या आंब्या-चिंचांना मात्र वाली नाही. पोकळ झाड सर्वांच्या हिशेबी कुचकामी. ते आधी तोडतात आणि त्याच्या बदल्यात रोपे लावतात. रोपाला ढोली नसते! ती पडायला फांदी मोडावी लागते, पाणी मुरावे लागते, गाभा कुजावा लागतो आणि त्यात माणसाचे अख्खे आयुष्य निघून जाते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा आम्हीही मोर्चात चाललो. विहिरी खाऱ्या होतील, केळीच्या बागा जातील, आमची मुले तहानेली राहतील, असे आम्ही म्हणत होतो. ते खरेच होते. पण त्या साऱ्या वाक्यांचा कर्ता 'आम्ही' होता. ज्याच्या असण्याने आमची विहीर भरत नाही, त्याच्यासाठी आम्ही चाललो असतो का?

संत थॉमस अक्वायनस यांनी प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये असे म्हटले, ते मुख्यतः अशासाठी की त्यातून माणसांशी क्रूरपणे वागण्याची सवय लागते. या हिशेबाने माझा कोळी फक्त माझ्या स्वभावाचा आरसा ठरतो. पण तेच थॉमस अन्यत्र सांगतात की, देवाचा चांगुलपणा एका निर्मितीत मावत नाही, म्हणून त्याने अनेक आणि नानाविध निर्मिती केली. हे मानले तर कोळी आरसा राहत नाही; जे दुसरे कोणी सांगू शकत नाही ते सांगणारा तो होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच धागा उचलला आणि प्रत्येक जिवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे, असे स्पष्ट केले. ईयोबाच्या ग्रंथात तर देव जिथे एकही माणूस राहत नाही अशा रानात पाऊस पाडतो. तो पाऊस कोणाच्या उपयोगाचा, असे विचारायला ईयोबाला तोंड उरत नाही.

माणसांना घरे नाहीत आणि तुम्ही कोळ्याचे रडगाणे गाता, असे कोणी म्हणेल. मुंबईत परवडले नाही म्हणून इथे आलेल्या कुटुंबाला मी नालायक ठरवणार नाही. माझा मुलगाही अशाच इमारतीत राहतो. मोळी वाहणाऱ्या आदिवासी बाईमुळेही रान संपलेले नाही. तरीही दोन गरजांची तुलना करायची तर दोन्ही पारडी तरी मांडायला हवीत. आपण दुसरे पारडे मांडतच नाही.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या गल्लीतली जुनी चिंच धोकादायक ठरली. मी म्हटले, फांद्या छाटा, पण खोड उभे राहू द्या. आत मोठी ढोली आहे. कमिटीतल्या तरुणाने नम्रपणे विचारले, "सर, आत आहे तरी काय?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतले. खोड अजून उभे आहे.