ओढ, क्रम आणि अवयवी

भागांहून वेगळा असा ‘अवयवी’, म्हणजे भागांनी घडलेला पूर्ण पदार्थ, खरोखर असतो की नाही, या वादात गौतमाच्या न्यायसूत्रांनी दुसऱ्या अध्यायात असे प्रमाण दिले आहे की, एक भाग धरून ओढला असता सगळी वस्तू ओढली जाते आणि परमाणूंच्या नुसत्या राशीत हे घडत नसल्यामुळे अवयवी मानावाच लागतो. केसाइतक्या अरुंद वाहिन्यांतून द्रव नेणाऱ्या सूक्ष्मप्रवाही उपकरणात या प्रमाणाची कठोर परीक्षा होते. मानवाच्या पहिल्या गुणसूत्रातील डीएनए सुमारे 25 कोटी अक्षरजोड्यांचा, ताणल्यास 8 सेंटीमीटरहून लांब, पण जेमतेम 2 नॅनोमीटर जाडीचा असतो. वाहिनीच्या मुखाशी प्रवाह एकाएकी वेगावला की या रेणूचे पुढचे टोक मागच्यापेक्षा जोराने खेचले जाते, मध्यावर ताण साठतो आणि रेणू तेथेच तुटतो. म्हणून पेशी आधी अ‍ॅगरोजच्या जेलीत रुतवून रेणू त्या आधारातच मोकळा करतात, वाहिनीचे मुख हळूहळू निमुळते ठेवतात आणि बाहेर काढताना रुंद तोंडाची नळी वापरतात. ज्या ओढीने अवयवी सिद्ध व्हावा, तीच येथे त्याचा नाश करते.

तुटल्यावर एकही अक्षर हरवत नाही. हरवतो तो तुकड्यांचा परस्परक्रम. म्हणूनच मानवी जनुकसंचाचे वाचन 2003 मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तरी पुनरुक्तीने भरलेला सुमारे 8 टक्के भाग 2022 मध्ये, लांब तुकडे सलग वाचता आल्यावरच, उलगडला.

क्रमाचे हे महत्त्व एका लोककलेतही दिसते. पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवून कथा सांगण्याच्या कलेची, पोथी सुट्या चित्रांची असते. एक पान ओढल्याने दुसरे येत नाही, आणि तरीही रामायणाचे आख्यान तिच्यात अखंड असते, कारण कथेकऱ्याने पाने क्रमाने धरलेली असतात. तेव्हा ओढ हे पूर्णत्वाचे एक चिन्ह असले, तरी पूर्णत्वाचा आधार क्रमात आहे, असेच मानणे योग्य ठरते. क्रम हा पाहणाऱ्याच्या बुद्धीने लादलेला असतो, असा आक्षेप अवयवी नाकारणारा बौद्ध तार्किक घेईल, आणि पोथीपुरते त्यात तथ्यही आहे. परंतु पेशीत डीएनएचा क्रम वाचणारी कोणतीही बुद्धी नसते, आणि तरीही जनुक मध्येच तुटले की त्याचे पूर्ण प्रथिन घडत नाही.